लाल दुवा कुठे ठेवायचा

मराठी विकिपीडियावर मी पहिला लेख लिहिला तो एका बंधाऱ्यावर. पंचगंगेवरचा कोल्हापूर पद्धतीचा बंधारा. पाटबंधारे खात्यातल्या नोकरीची शेवटची सहा वर्षं त्याच्या देखरेखीत गेली होती. दगडी खांब किती, गाळे किती, पाणी अडवायला गाळ्यांत घालतात ते लाकडी बरगे जाऊन लोखंडी कधी आले, ऑक्टोबरात बरगे घालताना दोन ओळींच्या मध्ये माती कशी भरतात, हे सगळं लिहिलं. संदर्भ दिले, स्वतः काढलेलं छायाचित्र चढवलं. लेख दोन हजार शब्दांचा झाला. मग वाट पाहिली. दोन वर्षांवर काही महिने गेले, पण त्या लेखाला दुसऱ्या कुणाचा हात लागला नाही. लेखातल्या बदलांचा इतिहास उघडला की माझंच नाव दिसायचं, आणि मध्ये एखाद्या सांगकाम्याचं, म्हणजे आपोआप बदल करणाऱ्या प्रोग्रॅमचं.

एके दिवशी चर्चा पानावर एका जुन्या सदस्याने लिहिलं, ‘नमस्कार. या लेखाकडे येणारा एकही दुवा दिसत नाही. वाचक इथवर येणार कसा?’ साधनांच्या यादीत ‘येथे काय जोडले आहे’ असा पर्याय असतो. तो मी तोवर कधी दाबलाच नव्हता. दाबला तर पान कोरं. चारी व्यवस्थित खणून ठेवली होती, पण ती कालव्याला जोडलीच नव्हती.

त्या आठवड्यात मी तीन ठिकाणी जोडणी केली: नदीच्या लेखात, तालुक्याच्या लेखात आणि बंधाऱ्यांच्या सर्वसाधारण लेखात. पुढच्या पावसाळ्यात पहिली परकी दुरुस्ती आली. कुणीतरी पलीकडच्या गावाचं नाव सुधारलं, कारण मी सरकारी नकाशातलं नाव लिहिलं होतं आणि गावात वेगळंच म्हणतात. मग बंधारा पाण्याखाली गेलेला असतानाचं छायाचित्र आलं. त्यानंतर एका मुलीने ‘बंधाऱ्यावरून वाहतूक’ हा अख्खा विभाग लिहिला, जो मला सुचलाच नव्हता. मी बंधाऱ्याकडे पाणी अडवण्याचं काम म्हणून पाहत आलो, ती शाळेला जायचा रस्ता म्हणून पाहत होती. लेखातला माझा मजकूर तोच होता, बदलल्या होत्या त्या फक्त तीन जोडण्या.

ज्यांना एखाद्या विषयातलं खरंखुरं माहीत आहे आणि जे एकटेच लिहीत बसतात, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. चांगलं लिहिणं तुम्हाला येतच असेल. त्या लिखाणाला दुसऱ्याचा हात लागावा म्हणून दुवे कसे द्यायचे, एवढंच सांगायचं आहे.

लिहिण्याआधी वरच्या अंगाला जा

नवा लेख सुरू करण्याआधी त्याच्याकडे येणाऱ्या वाटा शोधा. समजा, राधानगरी तालुक्यात धामोडला असलेल्या तुळशी धरणावर लिहायचं आहे. शोधपेटीत ‘तुळशी धरण’ अवतरणचिन्हांत टाका. त्या शब्दांचा उल्लेख असलेले लेख समोर येतील. नदीचा लेख, तालुक्याचा लेख, महाराष्ट्रातल्या धरणांची यादी, कदाचित एखाद्या साखर कारखान्याचा लेख. यातल्या बऱ्याच ठिकाणी नाव आलेलं असतं पण जोडलेलं नसतं. ही नावं वहीत उतरवून ठेवा. मी अजून कागदाचीच वही वापरतो: डाव्या पानावर येणाऱ्या वाटा, उजव्या पानावर जाणाऱ्या.

येणारी एकही वाट सापडली नाही, तर थोडं थांबा. बहुतेक वेळा याचा अर्थ असा असतो की आधी वरचा लेख सुधारायला हवा. नदीच्या लेखात उपनद्यांचा परिच्छेदच नसेल तर तिच्या उपनदीवरच्या धरणाचा लेख लटकत राहणार. आधी नदीत चार वाक्यं घाला, मग धरणाकडे या. अर्धा दिवस जास्त जातो, पण तो वाया जात नाही.

अशा लेखांना मराठी विकिपीडियावर ‘पोरकी पाने’ म्हणतात. विशेष पृष्ठांत त्यांची यादीच आहे. मला हा शब्द पहिल्यांदा वाचला तेव्हा टोचला होता, पण तो अचूक आहे. अखिल अरोरा, रॉबर्ट वेस्ट आणि मार्टिन गेर्लाख या संशोधकांनी सगळ्या भाषांतल्या विकिपीडियांची मोजदाद केली, तेव्हा सुमारे १५ टक्के लेख असे पोरके निघाले. संख्येत ८८ लाखांच्या आसपास. अशा लेखांकडे येणारे दुवे घातले की त्यांचे वाचक वाढतात, हेही त्यांनी दाखवलं. म्हणून नव्याने येणाऱ्याला मी सांगतो की पहिला लेख लिहिण्याआधी पाच पोरकी पानं घराला लावा. विकिपीडिया आतून कसा विणलेला आहे हे त्यातून जेवढं कळतं तेवढं कुठल्याही मदत पानातून कळत नाही.

दुव्याला वाक्य द्या

वाट सापडली म्हणून लेखाच्या तळाशी ‘हे सुद्धा पहा’ असं लिहून नाव टाकू नका. तिथवर फार थोडे वाचक पोचतात, आणि पोचलेल्याला का जायचं ते कळत नाही. छापील कोशांत ‘पहा’ची पद्धत होती, ती त्यांना शोभायची. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या देखरेखीखाली मराठी विश्वकोश तयार झाला, त्याचा पहिला खंड १९७६ सालचा. त्यात ‘पहा’ म्हटलं की वाचक उठायचा, कपाटातून दुसरा खंड काढायचा. पण दुसऱ्या खंडात ती नोंद अपुरी वाटली तर तो काय करणार? खंड मिटून ठेवणार. इथे वाचक त्याच जागी लिहायला बसू शकतो. म्हणून त्याला तिथे नेताना कशासाठी नेतो आहोत ते सांगितलं पाहिजे.

दोन वाक्यं शेजारी ठेवतो. एक: ‘हे सुद्धा पहा: तुळशी धरण.’ दुसरं: ‘तुळशी नदीवर धामोड येथे ३.४७ टीएमसी क्षमतेचे तुळशी धरण असून उन्हाळ्यात नदीचे पाणी त्याच्या विसर्गावर अवलंबून असते.’ दुसऱ्या वाक्यातल्या दुव्यावर बोट ठेवणाऱ्या वाचकाच्या मनात प्रश्न आधीच तयार असतो: किती गावांना, किती दिवस, कोण ठरवतं? लेखात उत्तर नसेल तर धामोडचा माणूस गप्प बसत नाही. ते उत्तर त्याला ठाऊक असतं.

लेखाच्या तळाशी असणाऱ्या मार्गक्रमण साच्यांबद्दलही माझं मत हेच. कृष्णेच्या सगळ्या उपनद्या एका चौकटीत दाखवणारा साचा सोयीचा आहे, जरूर लावा. पण तो लावला की ‘येथे काय जोडले आहे’च्या यादीत एकदम वीस-पंचवीस नावं दिसू लागतात आणि लेख चांगला जोडला गेला असं वाटायला लागतं. ती नावं फसवी असतात. मोजायचे ते वाक्यातले दुवे.

लाल दुवा

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं तिकडे येतो.

असलेल्या लेखाला दुवा दिला की तो निळा दिसतो, नसलेल्या लेखाला दिला की लाल. त्यावर बोट ठेवलं की त्याच नावाचं कोरं पान लिहायला उघडतं. नवख्यांना लाल रंग चूक वाटतो. शाळेत मास्तरांची लाल शाई पाहिलेली असते ना. मग ते लाल दुवे पुसत सुटतात. माझी पुतणी महाविद्यालयात असताना माझ्याबरोबर लिहायला लागली. पहिल्याच संध्याकाळी म्हणाली, ‘काका, तुमच्या लेखात सात चुका होत्या, सगळ्या काढून टाकल्या.’ मी इतिहास उघडून सातही परत आणल्या आणि तिला शेजारी बसवून घेतलं.

लाल दुव्याची गोष्ट विकिपीडियाहून जुनी आहे. वॉर्ड कनिंगहॅमने १९९५ मध्ये पहिला विकी, म्हणजे वाचणाऱ्यालाच पानं लिहिता-बदलता येतील असं संकेतस्थळ, सुरू केला. त्यात नसलेल्या पानाच्या नावापुढे प्रश्नचिन्ह यायचं, त्यावर टिचकी मारली की लिहायला जागा मिळायची. तिथे इंग्रजीतली मोठी अक्षरं वापरून दोन शब्द एकत्र जोडले की आपोआप दुवा व्हायचा. जानेवारी २००१ मध्ये विकिपीडिया सुरू झाला तोही याच पद्धतीवर. त्याच वर्षी दुहेरी चौकटी कंस आले आणि कुठल्याही शब्दाला दुवा देता येऊ लागला. देवनागरीत लहान-मोठी अक्षरंच नाहीत. कंस आले नसते तर १ मे २००३ ला सुरू झालेला मराठी विकिपीडिया आज दिसतो तसा जोडता आला असता का, हा प्रश्न मला नेहमी पडतो.

डिओमिडिस स्पिनेलिस आणि पानाजिओटिस लुरिडास या दोघांनी २००८ मध्ये इंग्रजी विकिपीडियाच्या वाढीचा अभ्यास छापला. लेख कधी जन्माला येतात, हे त्यांनी तपासलं. दिसलं ते असं की नव्या लेखाचं नाव आधी दुसऱ्या कुठल्यातरी लेखात येतं, आणि त्यानंतर थोड्याच काळात लेख तयार होतो. नाव पहिल्यांदा लिहिणारा एक आणि लेख लिहिणारा दुसरा, असंच बहुतेकदा होतं. कोश आपल्याच कडांवरून वाढत जातो, शेवाळ दगडावर पसरतं तसा. मी ते वाचलं तेव्हा पुतणीने पुसलेले सात दुवे आठवले. सात माणसांना द्यायची जागा तिने बंद केली होती आणि तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

तर लाल दुवा ठेवताना मी या गोष्टी पाहतो.

पहिली, हा लेख कुणाला लिहिता येईल का? त्यावर पुस्तक, अहवाल, बातम्या असं काही छापलेलं आहे का? माझ्या गावच्या ओढ्याला नाव आहे, पण त्यावर कुणी चार ओळी छापलेल्या नाहीत. त्याला लाल दुवा दिला तर जो लिहायला येईल त्याचा लेख संदर्भाअभावी काढून टाकला जाईल. माणसाला बोलवायचं आणि दारातून परत पाठवायचं, हे करू नये. उलट ‘बरगे’ या शब्दाला मी लाल दुवा बिनधास्त देतो. कोल्हापूर-सांगलीकडे शेकडो माणसांनी ते स्वतःच्या हातांनी घातले-काढले आहेत, आणि बंधाऱ्यांवरच्या लिखाणात त्यांचं वर्णन येतं.

दुसरी, तो लेख दुसऱ्या नावाने आधीच आहे का? इथे माझ्या हातून एक चूक झाली. ती सांगितलीच पाहिजे. मी एका लेखात ‘दुधगंगा’ असं ऱ्हस्व लिहून लाल दुवा ठेवला. ‘दूधगंगा नदी’ हा लेख दीर्घ ऊकाराने होता, मी शोधला नाही. दोन महिन्यांनी कागल भागातल्या एका तरुणाने त्या लाल दुव्यावरून पूर्ण लेख लिहिला. काळम्मावाडी धरण, त्याची २५.३९ टीएमसी क्षमता, नदीकाठची गावं, नदी पुढे कर्नाटकात कशी जाते, सगळं. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की एकाच नदीचे दोन लेख झाले. नियमाप्रमाणे विलीनीकरण झालं. त्याच्या मजकुरातला बराचसा राहिला, पण ‘आपला लेख गेला’ एवढंच त्याला दिसलं. मी त्याच्या चर्चा पानावर दोनदा लिहिलं. तो परत आला नाही. एक ऱ्हस्व उकार आणि एक चांगला लेखक गेला. तेव्हापासून लाल दुवा ठेवण्याआधी मी ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार, ‘नदी’सह आणि ‘नदी’विना, जुनं नाव आणि बोलीतलं नाव, अशा सगळ्या रूपांनी शोधतो. यादी लांबलचक वाटली तरी दोन मिनिटांचं काम आहे.

तिसरी, किती ठेवायचे? एका लेखात तीन-चार. सगळा परिच्छेद लाल झाला तर वाचक एकाकडेही पाहत नाही, आणि लेख अर्धवट वाटतो. ज्यांच्यावर लिहिण्यासारखं सर्वांत जास्त आहे ते तीन-चार निवडा. बाकीचे साध्या अक्षरांत राहू द्या, त्यांची पाळी येईल.

चौथी गोष्ट अनुभवातून सांगतो. लाल दुव्याच्या शेजारी निळा दुवा हवा. ‘कुंभी, कासारी, तुळशी आणि भोगावती’ अशा ओळीत तीन निळे आणि एक लाल असेल तर तो एक डोळ्यांत सलतो. ओळीतला एकच रिकामा गाळा बुजवावासा वाटतो. निळे लेख उघडून पाहता येतात, त्यांच्या घाटणीवर आपला लेख बेतता येतो. पहिल्यांदा लिहिणाऱ्याला तेवढा आधार पुरतो. गेल्या काही वर्षांत माझ्या लाल दुव्यांवर जे लेख उगवले, त्यातले बहुतेक अशाच ओळींतले.

नावं एक, जागा अनेक

आपल्याकडे नद्या, गावं आणि देव एकमेकांची नावं घेतात. म्हणून दुवा देण्यात सर्वांत जास्त चुका इथे होतात, आणि त्या निळ्या असल्यामुळे दिसत नाहीत.

‘तुळशी’ला नुसता दुवा दिलात तर वाचक अंगणातल्या रोपापाशी जाऊन पोचेल. तुळशी नदी वेगळी, आणि मुंबईत बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातला तुळशी तलाव आणखी वेगळा. ‘भोगावती’ एक आमची, राधानगरीहून येणारी; दुसरी बार्शीकडची, सीना नदीला मिळणारी. ‘पंचगंगा’ म्हणजे कोल्हापूरची नदी, तसंच महाबळेश्वरचं मंदिर आणि काशीचा घाटही. सर्वांत धोकादायक शब्द ‘टीएमसी’. धरणाच्या लेखात तो म्हणजे एक अब्ज घनफूट, सुमारे २.८३ कोटी घनमीटर पाणी. पण त्याच तीन अक्षरांत तृणमूल काँग्रेस आहे, ठाणे महानगरपालिका आहे आणि टाटा मेमोरियल सेंटरही आहे. राधानगरी धरणात ८.३६ टीएमसी पाणी मावतं, या वाक्यातून वाचक बंगालच्या राजकारणात पोचला तर तो परत कसा येणार?

चुकीच्या निळ्या दुव्याचं नुकसान लाल दुव्यापेक्षा मोठं असतं. बार्शीच्या माणसाला आमच्या भोगावतीच्या लेखात आणून सोडलं की तो प्रामाणिकपणे ‘दुरुस्ती’ करतो, सीनेचा संगम घालतो. मग आमच्याकडचा कुणी ते उडवतो. दोघंही आपापल्या नदीबद्दल खरंच सांगत असतात, आणि भांडण मात्र चर्चा पानावर महिनाभर चालतं. मुळात बिघडलेला असतो तो तिसऱ्याच लेखातला एक दुवा.

म्हणून दुवा देऊन झाला की त्यावर स्वतः जाऊन पाहा. प्रत्येक दुव्यावर. निःसंदिग्धीकरण पान, म्हणजे एकाच नावाच्या वेगवेगळ्या लेखांची यादी देणारं पान, लागलं तर मागे येऊन नेमका लेख जोडा. आणि एका नावाच्या दोन गोष्टी सापडल्या व निःसंदिग्धीकरण पान नसेल तर ते तयार करा. चार ओळींचं काम, पण पुढच्या दहा माणसांची वाट सरळ होते.

याच्या उलट बाजूला पुनर्निर्देशन आहे, म्हणजे अनेक नावांनी एकाच लेखात आणणं. राधानगरीच्या जलाशयाला ‘लक्ष्मी तलाव’ म्हणतात. राजर्षी शाहूंच्या काळापासूनचं ते नाव, आणि घरातल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी तेच असतं. धरणाच्या लेखाकडे ‘लक्ष्मी तलाव’ वळवला नाही, तर ज्या आजोबांना त्याबद्दल सर्वांत जास्त ठाऊक आहे त्यांचा नातू शोध घेऊन ‘असा लेख नाही’ म्हणून निघून जाईल. काळम्मावाडी-दूधगंगा, नृसिंहवाडी-नरसोबाची वाडी, हेही तसंच. मी धरणाचा लेख लिहिला की त्याची चार-पाच पुनर्निर्देशनं त्याच बैठकीत करून टाकतो.

प्रत्ययांचं काय करायचं

मराठीत नाव क्वचितच नुसतं येतं. नदीच्या, धरणातून, कोल्हापुरात. दुव्याच्या कंसात मूळ नाव लागतं आणि वाक्याला हवं असतं सामान्यरूप. शब्द न बदलता नुसता प्रत्यय लागत असेल तर तो कंसाबाहेर लगेच चिकटवा: [[पंचगंगा नदी]]च्या. वाचकाला अख्खा शब्द निळा दिसतो. शब्दच बदलत असेल तर मध्ये उभी रेघ घ्या, डावीकडे लेखाचं नाव, उजवीकडे वाक्यातलं रूप: [[कोल्हापूर|कोल्हापुरात]], [[राधानगरी धरण|राधानगरी धरणाचे]]. ‘कोल्हापुरात’ असं थेट कंसात टाकू नका. त्या नावाचा लेख नाही, फुकटचा लाल दुवा तयार होतो, आणि एखादा नवखा त्यावर ‘कोल्हापूर हे महाराष्ट्रातील एक शहर आहे’ असं लिहून मोकळा होतो. ज्या संपादकात मजकूर थेट दिसतो तिथे शब्द निवडून कंट्रोल आणि के दाबलं की दुव्याची चौकट उघडते. तिथेही खाली सुचवलेली नावं नीट वाचूनच निवडा.

कुठे देऊ नये

पाणी, शेतकरी, पाऊस, रस्ता यांना दुवे देऊ नका. ‘क्युसेक’ला द्या. जुलैत रोज वर्तमानपत्रात ‘इतके क्युसेक विसर्ग’ छापून येतं आणि तो म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८.३ लिटर, हे बहुतेकांना शोधावं लागतं. एकाच लेखाला पहिल्या उल्लेखात एकदा दुवा दिला की पुरे. इंग्रजी विकिपीडियावर फेब्रुवारी २०१५ मध्ये जेवढे नवे दुवे घातले गेले, त्यातल्या ६६ टक्क्यांवर पुढच्या महिन्यात एकदाही कुणी टिचकी मारली नाही, असं एका अभ्यासात दिसलं. दुवे वाढवण्यापेक्षा वरच्या परिच्छेदात नेमके दोन ठेवणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. वाचकाचं लक्ष सुरुवातीला ताजं असतं.

पूर येतो तेव्हा

आमच्याकडे राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची पातळी मोजतात. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. ते आकडे कोल्हापुरातल्या शाळकरी पोरालाही पाठ असतात. २०१९ आणि २०२१ च्या पुरांत सगळे त्या आकड्याकडे डोळे लावून बसलो होतो. अशा दिवसांत माणसं नदीचं नाव शोधतात, राधानगरीच्या स्वयंचलित दरवाज्यांबद्दल वाचतात, अलमट्टीचं धरण कुठे आहे ते पाहतात. एरवी शांत असलेल्या लेखांवर गर्दी होते.

ही गर्दी दुव्यांवरून शेजारच्या लेखांत उतरते. काई झू, डिलन वॉकर आणि लेव्ह मुच्निक यांनी विद्यार्थ्यांनी भर घातलेल्या इंग्रजी लेखांचा अभ्यास केला. लेख सुधारला की त्याचे वाचक वाढतात, आणि ते त्या लेखातून दुवा दिलेल्या लेखांकडेही वळतात, असं त्यांना आढळलं. आमच्या भागात हे वेळापत्रक आधीच ठरलेलं आहे, कारण पावसाळा दरवर्षी येतो. म्हणून मे महिन्यात मी एक काम न चुकता करतो. पंचगंगा, कृष्णा, राधानगरी धरण आणि कोल्हापूरचा लेख उघडतो. त्यांच्या वरच्या परिच्छेदांतून कोणत्या दुबळ्या लेखांकडे वाट जाते ते पाहतो. कासारीचा लेख कमकुवत असेल तर तिच्याकडे जाणारं वाक्य वर आणतो. मान्सूनचं पाणी आलं की ते आपोआप त्या चारीत शिरतं.

पुराच्या ऐन दिवसांत मात्र दुवे हलवू नका. तेव्हा अनेक नवी माणसं एकाच पानावर लिहीत असतात, आणि अलमट्टीचा उल्लेख कुठल्या वाक्यात, कुठल्या शब्दाला जोडून येतो यावर मनं दुखावतात. ‘पुराची कारणे’ या मथळ्याखाली एका धरणाला दुवा देणं म्हणजे एक विधान करणं आहे. ते छापील संदर्भाशिवाय करू नये. नुसती भौगोलिक माहिती म्हणून नदीच्या प्रवाहाच्या वर्णनात दुवा द्या, तिथे तो कुणाला खुपत नाही.

दुसऱ्या भाषांतून येणारी वाट

लेख झाला की तो विकिडेटावर, म्हणजे सगळ्या भाषांतल्या विकिपीडियांच्या सामायिक माहितीसाठ्यावर, त्याच विषयाच्या इतर भाषांतल्या लेखांशी जोडा. २०१३ पासून भाषांमधले दुवे तिथूनच चालतात, प्रत्येक लेखात वेगळे लिहावे लागत नाहीत. कृष्णा आणि दूधगंगा या महाराष्ट्र आणि कर्नाटक दोन्हीकडे वाहणाऱ्या नद्या. कानडी लेख वाचणारा बेळगावचा माणूस बाजूच्या भाषांच्या यादीत ‘मराठी’ पाहतो आणि इकडे येतो. सीमाभागातल्या गावांची नावं कानडीत कशी उच्चारतात, ते माझ्या लेखात अशाच एका माणसाने घातलं.

कुणी आलं की

स्वतःचा लेख निरीक्षणसूचीत ठेवालच, पण तेवढं पुरेसं नाही. लेखाच्या साधनांत त्याच्याशी जोडलेल्या पानांवरचे बदल दाखवणारी यादी असते. आठवड्यातून एकदा ती उघडा. तुम्ही दुवा दिलेल्या लेखांत कोण काय लिहीत आहे ते एका नजरेत कळतं. तिथे एखादं नवं नाव पहिल्यांदा दिसलं की त्याने केलेला बदल आधी पूर्ण वाचा. शुद्धलेखनाच्या चुका असतील, संदर्भ नसेल, वाक्य बातमीसारखं असेल. लगेच उलटवू नका. चूक सुधारा, मजकूर ठेवा, संदर्भ तुमच्याकडे असेल तर तुम्हीच जोडा.

मग त्याच्या चर्चा पानावर जा. स्वागताचा साचा लावणं बरोबरच आहे, पण त्याखाली दोन ओळी स्वतःच्या लिहा, आणि त्यात त्याच भागातला एक लाल दुवा द्या. ज्या मुलीने बंधाऱ्यावरच्या वाहतुकीचा विभाग लिहिला, तिला मी लिहिलं होतं: ‘तुमचा विभाग वाचून बंधारा नव्याने कळला. पाऊस ओसरल्यावर बरगे घालताना कधी पाहिलं आहे का? [[बरगे]] हा लेख अजून कुणी लिहिलेला नाही.’ सात-आठ दिवस काही उत्तर आलं नाही. मग एका रात्री तिच्या धूळपाटीवर, म्हणजे सरावाच्या पानावर, पहिलं वाक्य दिसलं, आणि त्याखाली माझ्यासाठी प्रश्न: ‘काका, दोन ओळींमधली माती कुठून आणतात?’